रिटर्नचाचांचे शेरे

भाड्याने दिलेली गाडी परत आली की रिटर्नचाचा आधी तिचा वास घेत. दार उघडत, कमरेत वाकून डोकं आत घालत, एकदाच लांब श्वास ओढत आणि बाहेर येऊन तोंड असं वाकडं करत, की गाडी घेऊन आलेला टुरिस्ट नकळत स्वतःच्या शर्टाचा वास घेऊन बघे. "ब्रेक जाळलेत," ते म्हणत. किंवा, "चालवता चालवता जेवलाय. रस्सा सांडलाय गिअरपाशी." किंवा नुसतंच, "शी." त्या एका अक्षरात माणसाच्या गाडी चालवण्याबद्दल ते जेवढं सांगत, तेवढं रस्त्यावरच्या रडारलाही कधी सांगता आलं नसेल.

दुबईत, समुद्रात भराव घालून केलेल्या हॉटेलांच्या बेटाकडे जो रस्ता जातो, त्याच्या तोंडाशी आमची शाखा होती. कंपनी लहान, गाड्या ऐंशीच्या आसपास, गिऱ्हाईक बहुतेक टुरिस्ट. मी काउंटरवर सुपरवायझर. गाडी देण्याचं काम माझं आणि माझ्या हाताखालच्या दोघांचं. परत घेण्याचं काम चाचांचं, म्हणून सगळे त्यांना रिटर्नचाचा म्हणत. कागदावर त्यांचं नाव इब्राहिम मुकादम, गाव श्रीवर्धन. मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेले, त्यामुळे माझ्याशी बोलताना मराठीत बोलत आणि बाकी जगाशी हिंदीत. साठीला आलेले, अंगाने काटक. माझ्यापेक्षा पंचवीस वर्षांनी मोठे असूनही मला कायम 'पेठेसाहेब' म्हणत. ते ऐकताना मला बरंही वाटे आणि थोडं ओशाळल्यासारखंही.

त्या बेटावर लोक गाड्या कशा चालवतात ते आठवलं की मला आजही किळस येते. घरी आयुष्यात चाळीसच्या वर न गेलेला माणूस इथे सुट्टीवर येतो, टप उघडणारी लाल गाडी घेतो आणि दोन गतिरोधकांमधल्या शंभर पावलांत तिचा जीव काढतो. समुद्र दिसला की मधल्या लेनमध्ये थांबतो. फोटोसाठी पोराला छतातून वर काढतो. बाहेर पडायचा रस्ता अगदी नाकासमोर आला की मग चार लेन आडव्या कापून तिकडे घुसतो, आणि मागचा हॉर्न वाजवतो तेव्हा याला वाटतं, हे शहर आपलं स्वागत करतंय. आपली माणसंही यात मागे नाहीत. "आम्ही मुंबईत चालवतो हो, आम्हाला काय सांगता," असं म्हणत किल्ली घेणारे मी शेकड्यांनी पाहिले. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: पाटीवरच्या आकड्याच्या वर रडार किती सोडतं? दुबईत वीस सोडतं, हे कळलं की चेहरा असा खुलतो जणू दिवाळीचा बोनस मिळाला. मग तोच बोनस घेऊन अबू धाबीत जातात, तिथे काही सोडत नाहीत, आणि दंडाचे मेसेज आले की काउंटरवर येऊन माझ्यावर ओरडतात.

चाचा म्हणत, "घरात शिरताना ही माणसं चपला बाहेर काढतात. भाड्याच्या गाडीत शिरताना अक्कल बाहेर काढतात."

त्यांचा सगळ्यात जास्त राग लहान मुलांच्या सीटवर निघे. मूल लहान असेल तर आम्ही चाइल्ड सीट द्यायचोच, तसा कायदाच आहे. गिऱ्हाईक सही करून ती घेई, आणि आठवड्याने ती सीट डिकीतून परत येई, वरच्या प्लॅस्टिकसकट. आठ दिवस मूल आईच्या मांडीवर आणि सीट सामानासारखी मागे. चाचा ती सीट डिकीतून काढून काउंटरवर आणून ठेवत. आई-वडील कागदपत्रं पुरी करेपर्यंत ते शेजारी उभे राहून त्या प्लॅस्टिकवरून बोट फिरवत राहत. त्या चरचर आवाजाने मलाच कसंतरी होई. एकदा एका बाईला रडू फुटलं. मी नंतर म्हटलं, "चाचा, सुट्टीवर आलेली माणसं आहेत, जरा सांभाळून घ्या." ते म्हणाले, "रडू दे. घरी जाऊन हसेल पोराबरोबर. उलटं झालं असतं तर?"

त्यांच्या टेबलाखाली बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता. त्यात त्यांनी परत आलेल्या गाड्यांमधून काढलेल्या लोखंडी जिभा साठवल्या होत्या. पट्टा लावला नाही की गाडी टिंगटिंग करत राहते. तो आवाज बंद करायला पट्टा न लावता नुसती बकलात खुपसायची पट्टी बाजारात मिळते. चाचा त्यातली एक उचलून मला दाखवत. "दहा दिरहम. म्हणजे दोनशे तीस-चाळीस रुपये. पट्टा फुकट आहे पेठेसाहेब, गाडीबरोबर येतो. तो न लावायला माणूस पैसे मोजतो. याला काय म्हणायचं सांगा." ते स्वतः धुण्याच्या जागेपासून रांगेपर्यंत पन्नास पावलं गाडी नेतानाही पट्टा लावत, दहाच्या वेगाने जात. धुणारी मुलं हसत, तर हसू देत. लायसन्स असून त्यांनी स्वतःची गाडी कधी घेतली नाही. रोज बसने येत-जात. "ड्रायव्हर पगारी असतो," एवढंच त्यांचं बसबद्दलचं मत होतं.

एवढी घृणा बघून कोणीही एकच अंदाज बांधे. नवीन आलेला प्रत्येक जण कधी ना कधी हळू आवाजात विचारे, "चाचा, तुमचं कोणी अपघातात..." मीही विचारलं होतं. ते माझ्याकडे असे बघत राहिले जणू मी त्यांच्या समोर नाक शिंकरलं. मग म्हणाले, "माझं कोणी गेलं नाही. अल्लाच्या मेहेरबानीने सगळे आहेत. घाण दिसली तर किळस यायला घरातलं कोणी मरायलाच पाहिजे का?"

रिटर्नच्या फॉर्मवर खाली शेऱ्याचा रकाना होता. तिथे 'ओरखडा, डावं दार' असं काहीतरी लिहिणं अपेक्षित होतं. चाचा तिथे माणसाबद्दल लिहीत. त्यांचं इंग्रजी तोडकं, अक्षर मात्र मराठी शाळेतलं, गोल आणि सुटं. 'पट्टा आठ दिवसांत एकदाही ओढलेला नाही.' 'फोन धरायचं स्टँड स्टिअरिंगवरच चिकटवलं होतं.' 'समोरच्या काचेवर आतून मुलाचा हात.' हा शेवटचा शेरा ते सगळ्यात जास्त वेळा लिहीत. सकाळच्या तिरप्या उन्हात ते गाडीच्या काचेकडे बाजूने बघत आणि आतल्या बाजूचे ठसे शोधत. ठसा काचेवर समोर असला म्हणजे मूल पुढच्या सीटवर कोणाच्या तरी मांडीवर उभं होतं.

एकदा यात त्यांची चूक झाली. एका नर्सबाईच्या गाडीत असा ठसा सापडला आणि त्यांनी तिला सगळ्यांसमोर सुनावलं. नंतर आमच्या धुणाऱ्या मुलाने सांगितलं, की ती बाई काउंटरवर उभी असताना तिचं पोर यार्डातच पुढे चढून खेळत होतं. चाचा त्या दिवशी जेवले नाहीत. दुपारच्या उन्हात चालत बेटावरच्या तिच्या हॉटेलात गेले, लॉबीत तासभर बसून राहिले आणि ती आली तेव्हा माफी मागून परत आले. मला म्हणाले, "मी गाडी उभी होती की चालू, हे विचारलंच नाही." तेव्हापासून ते आधी विचारत, मग लिहीत.

आता माझं सांगतो.

शाखेतली एखादी मोकळी गाडी आम्हाला शनिवार-रविवारी घरी न्यायला मिळे. मी अल मनखूलला राहतो. बायको केतकी, मुलगी ईरा, तेव्हा पाच वर्षांची, ऊद मेथातल्या शाळेत पहिल्या इयत्तेच्या आधीच्या वर्गात. एका शनिवारी आम्ही अबू धाबीच्या खलिफा सिटीला केतकीच्या बहिणीकडे वाढदिवसाला गेलो. जाताना ईरा मागे तिच्या सीटवर होती. येताना ती दमलेली, गोड खाऊन चिडलेली, पट्ट्यात बसायला तयार नाही. "पपा, इट्स टू टाइट, आय हेट इट," असं घोकत रडायला लागली. सगळे बाहेर येऊन उभे होते. केतकी म्हणाली, "दे माझ्याकडे, झोपेल दहा मिनिटांत." मी गाडी सुरू केली. ईरा झोपली नाही. ती केतकीच्या मांडीवर उभी राहून गाड्या मोजत आली आणि आम्ही दोघं तिच्याबरोबर मोजत आलो. रस्ता मोकळा होता. मी एकशेचाळीसने चालवत होतो. तेवढी परवानगी आहे त्या रस्त्याला, आणि तेवढ्यावर मी समाधानी होतो.

सोमवारी सकाळी गाडी यार्डात लावून मी आत गेलो. अर्ध्या तासाने चाचा काउंटरशी आले.

"पेठेसाहेब, जरा बाहेर या."

गाडीपाशी नेऊन त्यांनी दार उघडलं नाही. बाजूने काच दाखवली. उन्हात दोन हात स्पष्ट होते, पाची बोटं पसरलेले, केकच्या तेलकटपणाने उठलेले.

"गाडी चालू होती की उभी?" त्यांनी विचारलं.

"उभी असताना खेळली असेल," मी म्हटलं.

"असेल? तुम्ही होतात ना गाडीत?"

त्यांनी हातातला फॉर्म माझ्यासमोर धरला. गिऱ्हाइकाच्या नावाच्या जागी माझं नाव होतं. शेऱ्यात तीच गोल अक्षरं. 'समोरच्या काचेवर आतून मुलाचे हात, दोन.'

"चाचा, ही फाइल मॅनेजरकडे जाते."

"सगळ्यांची जाते."

"मी स्टाफ आहे. हे फाडा."

त्यांनी फॉर्म दुमडून खिशात ठेवला. मग दार उघडून आत हात घातला आणि डॅशबोर्डपासून त्या ठशापर्यंत अंगठा आणि करंगळी ताणून धरली. "वीतभर," ते म्हणाले. "एअरबॅग कुठून येते, माहितीये ना? रोज दहा जणांना सांगतोस काउंटरवरून, मी ऐकतो. गिऱ्हाइकाला इंग्रजीत सांगतोस ते घरी मराठीत सांगता येत नाही तुला?"

इतक्या वर्षांत ते मला पहिल्यांदाच अरे-तुरे करत होते. त्यांच्या चेहऱ्यावर राग असता तर मला सोपं गेलं असतं. पण तिथे तीच वाकडी मुद्रा होती, गाडीतून डोकं बाहेर काढल्यावरची, आणि या वेळी ती माझ्यासाठी होती.

घरी सांगितलं तेव्हा केतकी म्हणाली, "त्यांना काय करायचंय? आपली मुलगी आहे, आपण बघू." मीही हो म्हटलं. पण त्या दिवसापासून ईरा पुढे बसली नाही. किती रडली तरी नाही. पहिल्या दोन-तीन खेपा ती पूर्ण रस्ता रडत आली आणि केतकी खिडकीबाहेर बघत बसली. चौथ्या खेपेला तिने स्वतः पट्टा लावला आणि मला म्हणाली, "हॅपी नाउ?"

काउंटरवरही मी बदललो. गाडी देताना आता मी स्वतः बाहेर जाऊन मुलांना सीटमध्ये बसवी, पट्टे लावी, आई-बापांना लावून दाखवी. चाचा यार्डातून बघत. त्यांचं-माझं बोलणं मात्र कामापुरतं राहिलं होतं. त्यांनी केलेला अपमान माझ्या मनातून जात नव्हता. मी त्यांचं ऐकलं आणि त्याच महिन्यात त्यांचा सूडही घेतला.

तो असा. आमचा मॅनेजर सगळ्यांना अरबीत लाडाने हबीबी म्हणणारा, कपाळावर कधी आठी न पडू देणारा माणूस. चाचांच्या शेऱ्यांना तो कंटाळला होता. गिऱ्हाइकं इंटरनेटवर लिहीत, 'गाडी छान, पण परत घेणारा म्हातारा उद्धट.' तारे कमी होत. एक दिवस त्याने शाखेतल्या सगळ्यांना मेल पाठवला: आता सेल्फ-रिटर्न सुरू करू या का? गिऱ्हाईक चारही बाजूंनी फोटो काढून ॲपवर टाकेल, किल्ली पेटीत टाकेल आणि जाईल. आपापलं मत कळवा.

मी त्याच दुपारी उत्तर लिहिलं. चांगलं लांब. सध्याच्या पद्धतीत गिऱ्हाइकांना अपमानास्पद वागणूक मिळते, शेरे वैयक्तिक असतात, फोटो माणसापेक्षा निःपक्षपाती असतात, या कामासाठी वेगळा माणूस ठेवायची आता गरज नाही. एकही वाक्य खोटं म्हणता येणार नाही अशी मी काळजी घेतली होती. लिहून झाल्यावर मी पाठवलं आणि कॉफी प्यायला गेलो. आज तो मेल वाचला तर मला लिहिणाऱ्याची शिसारी येते. तेव्हा हलकं वाटलं होतं.

दोन आठवड्यांत निर्णय झाला. महिन्याची नोटीस, हिशेब, तिकीट. मॅनेजर चाचांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "हबीबी, खूप केलंत, आता घरी आराम करा." चाचांनी तो हात अलगद बाजूला केला. उरलेला महिनाभर ते वेळेवर आले. प्रत्येक गाडी बघितली, प्रत्येक फॉर्म भरला. मला पुन्हा 'पेठेसाहेब' आणि 'तुम्ही' म्हणायला लागले. मला वाटलं, त्यांना मेलबद्दल काही माहीत नाही. ते कधी कॉम्प्युटरवर बसलेले मी पाहिले नव्हते.

त्यांचं विमान शारजाहून दुपारचं होतं. सोडायला मी जातो, असं मीच म्हटलं. जबल अलीतल्या त्यांच्या खोलीवरून त्यांना घेतलं. एक बॅग, दोऱ्या बांधलेलं एक खोकं. ते पुढे बसले, पट्टा लावला, माझ्या पट्ट्याकडे बघितलं, मग समोर बघू लागले. मोठ्या रस्त्याला लागलो तेव्हा एक पांढरी जीप मागून येऊन दिवे मारायला लागली, मागच्या नंबरप्लेटला चिकटेल इतकी जवळ. मी बाजूला झालो. ती गेली तशी दुसरी आली. चाचा म्हणाले, "घाई बघा. कुठे पोचायचंय यांना? पुढच्या सिग्नलला."

मला सांगून टाकायचं होतं. शहर मागे पडलं तसं मी बोलायला सुरुवात केली. त्या दिवशीचा अपमान, तो मेल, त्यात काय लिहिलं होतं, का लिहिलं होतं. एकदा सुरू झाल्यावर मला थांबता येईना. मी म्हटलं, "चाचा, तुमची नोकरी माझ्यामुळे गेली. मॅनेजरला फक्त कोणाचा तरी पाठिंबा हवा होता, तो मी दिला."

"माहीत आहे," ते म्हणाले.

"कसं?"

"मला आला होता तो मेल. मॅनेजरने सगळ्यांना पाठवला होता, तुम्ही उत्तर सगळ्यांना दिलंत. माझ्या भाच्याने फोनवर वाचून दाखवला."

महिनाभर हा माणूस मला सकाळी सलाम करत होता.

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"आधी काटा बघा."

मी बघितलं. पाटीवर एकशे दहा होतं आणि मी एकशेअडतीसवर होतो. बोलण्याच्या भरात पाय कधी खाली गेला ते कळलंच नव्हतं.

"कमी करा. मग बोलू," चाचा म्हणाले.

मी शंभरवर आलो. विमानतळ येईपर्यंत ते खिडकीतून बाहेर बघत होते आणि मी काट्याकडे.

ट्रॉलीवर खोकं ठेवताना ते म्हणाले, "खोटं कशाला बोलू पेठेसाहेब, त्या मेलची मला किळस आली होती. गाड्यांची येते तशीच. पण दर शनिवारी तुम्ही पोरीला घेऊन गाडी न्यायला येत होता तेव्हा मी बघत होतो. पोर मागे बसते. पट्टा खांद्यावरून येतो, मानेवरून नाही. एवढं बघून मी माझं काम करत राहिलो. दोन्ही गोष्टी आहेत. एक मोठी, एक लहान. कुठली मोठी ते तुम्ही ठरवा." त्यांनी हात पुढे केला. माझा हात हातात घेऊन जरा दाबला आणि आत गेले. मागे वळून बघायची त्यांना सवय नव्हती.

सेल्फ-रिटर्न सुरू झालं. तारे वाढले. गाड्या पुसलेल्या येत, फोटो चकचकीत येत, गिऱ्हाईक खूश. तीन महिन्यांनी एका गाडीचा टायर फुजैराच्या रस्त्यावर फुटला. आधीच्या गिऱ्हाइकाने ती गाडी फुटपाथच्या कडेवर चढवली होती. टायरच्या आतल्या बाजूला फुगा आला होता आणि फोटो चारही बाहेरच्या बाजूंचे होते. चाचा जमिनीवर गुडघे टेकून आतली बाजू बोटांनी चाचपत, हे मी हजार वेळा पाहिलं होतं. त्या गाडीत आई, वडील आणि दोन मुलं होती. गाडी कठड्याला घासत गेली. वडिलांचा हात मोडला, आईच्या कपाळाला टाके पडले. मागची दोन्ही मुलं घाबरली होती, बाकी धड होती. त्यांचे पट्टे सकाळी मी लावले होते.

मॅनेजरने मला अहवाल लिहायला सांगितला आणि काय लिहायचं तेही सांगितलं: रस्त्यावर पडलेल्या वस्तूमुळे टायर फुटला असावा. मी लिहिलं, की गाडी परत आल्यावर टायरची आतली बाजू कोणी तपासली नाही, कारण तपासणारा माणूस आपण काढून टाकला. आणि काढून टाकावा असा सल्ला मी लेखी दिला होता. त्याने ते वाचलं आणि पुढे आठवडाभर मला हबीबी म्हटलं नाही. मग मला विमानतळाजवळच्या शाखेत पाठवलं. बेटाजवळच्या शाखेत आता पुन्हा एक माणूस नेमलाय. त्याने टायर आणि ओरखडे बघायचे, एवढंच. नव्या फॉर्मवर शेऱ्याचा रकानाच नाही.

बदली झाल्यावर मी श्रीवर्धनला फोन लावला. एका रविवारी सकाळी, घराखालच्या पार्किंगमध्ये उभा राहून. चाचांना सगळं सांगितलं. टायर, कुटुंब, अहवाल. शेवटी त्यांनी विचारलं, "बाईचे टाके काढले?"

"काढले. ती लोकं घरी गेली परत."

"बरं." मागे वाऱ्याचा आवाज येत होता. मग म्हणाले, "अहवाल चांगला लिहिलात. उशिरा लिहिलात, पण चांगला लिहिलात."

मी विचारलं, आराम चाललाय ना? त्यावर ते तुंबलेलं पाणी सुटावं तसे सुरू झाले. कसला आराम. सुट्टी आली की मुंबई-पुण्याच्या गाड्या थेट किनाऱ्यावर उतरतात. वाळूत गोल गोल फिरवतात, व्हिडिओ काढतात. गावातल्या बायका तिथे मासळी वाळत घालतात, पोरं खेळतात. मागच्या महिन्यात एका बाईच्या पायावरून चाक गेलं, आणि गाडीवाला म्हणे, ताई, तुम्ही मध्ये कशाला बसलात. ग्रामपंचायतीला अर्ज दिला, पोलिसांना दिला. आता ते स्वतःच खुर्ची टाकून वाटेच्या तोंडाशी बसतात. घरातले चिडतात, या वयात लोकांच्या शिव्या खाता म्हणून.

"मग खाता का?"

"खातो. आधी खुर्ची बाजूला घ्या म्हणतात, मग शिव्या देतात, मग परत जातात. दहातले चार जातात परत."

"आणि सहा?"

"ते खुर्चीला वळसा घालून..." ते बोलता बोलता थांबले. "थांबा पेठेसाहेब, एक आलीय. पुण्याची आहे. ठेवतो."

पण त्यांनी फोन ठेवला नाही, नुसता खिशात टाकला असावा. कापडाची खसखस झाली, उठताना खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग लांबून त्यांचा आवाज, हळू, एकेक शब्द सुटा. "काच खाली करा. राम राम. कुठून आलात? ही वाट गाड्यांची नाही." एक तरुण पुणेरी आवाज हसून म्हणाला, "काका, आम्ही दरवर्षी येतो इथे, काही होत नाही." मागून कोणीतरी म्हणालं, "जाऊ दे रे, घे बाजूने." इंजिनाचा आवाज वाढला.

मी फोन कानाला लावून उभा होतो. इंजिन बराच वेळ जागच्या जागी घुरघुरत होतं. खुर्ची बाजूला घेतल्याचा आवाज काही आला नाही.